पालथा हात, उताणा हात

…तर हात पालथा पडला की शब्दावर जोर, आणि उताणा झाला की शब्द सैल. काल इथवर आलो होतो. मग कुणीतरी विचारलंत, की गाण्यातला ताल इंग्रजीच्या वर्गात शिरला कसा, आणि मी उत्तर द्यायच्या आत कॉफी आली. कॉफी पुढ्यात असताना मी बोलत नाही. आता सांगतो.

चंद्रमौलीराव इंग्रजीचे मास्तर. शाळा कुंभकोणमात, पितळेच्या भांड्यांच्या बाजारामागं. मी त्या शाळेचा शिपाई. घंटा माझी, पाण्याचे माठ माझे, हेडमास्तरांची छत्री माझी, शुक्रवारी पोस्टात न्यायचं टपाल माझं. राव मूळचे तिरुवलंचुळीचे, मी इन्नंबूरचा, आणि सबंध शाळेत घरी मराठी बोलणारे आम्ही दोघंच. ते इंटर झालेले, मी गावच्या शाळेत चौथी. तरी दुपारच्या सुट्टीत आमचे डबे एकाच बाकावर उघडायचे. ते मला ‘तूं’ म्हणत, मी त्यांना ‘राव’. आमची ही मराठी तुम्हाला जुनाट वाटेल. पुण्याकडचा एक यात्रेकरू एकदा आमचं बोलणं ऐकून थबकला आणि म्हणाला, “तुम्ही पोथी वाचताय का भांडताय?” आम्ही दह्यावरून भांडत होतो.

तर ताल. गावातल्या एका वकिलांनी मुलाला विलायतेला पाठवायचं म्हणून ग्रामोफोन आणि इंग्रजी शिकवणाऱ्या तबकड्या आणल्या. मुलगा गेला नाही, तबकड्या राहिल्या. रावांना हे कळलं. दर शनिवारी ते वकिलांच्या ओट्यावर जाऊन बसायला लागले. मी एकदा बरोबर गेलो होतो. आतून एका गोऱ्या माणसाचा आवाज येत होता, आणि राव डोळे मिटून बसलेले, उजवा हात मांडीवर. आमच्याकडं गाणं ऐकताना जसा प्रत्येकाचा हात आपोआप मांडीवर पडतो आणि उलटतो, तसा त्यांचा पडत होता, उलटत होता. त्यांना ते कळलंही नव्हतं. मी म्हटलं, “राव, हा माणूस गातोय थोडाच?”

त्यांनी डोळे उघडले, हाताकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू हात दुसऱ्या कुणाचा आहे.

“व्यंकोजी,” ते म्हणाले, “आपण इंग्रजी बोलतों तें भात मापल्यासारखें. एक माप, दोन मापें, तीन मापें, सगळीं सारखीं भरलेलीं. हा तसें करीत नाहीं. हा एक माप भरून ओततो आणि पुढचीं दोन नुसतीं दाखवतो.”

झालं. पुढच्या सोमवारपासून वर्गात हात आले. आधी शब्दाचे तुकडे पाडायचे, जीभ जिथं जिथं टेकते तिथं. मग जोराच्या तुकड्यावर हात पालथा, फट्. बाकीच्या तुकड्यांवर हात उताणा, आवाज नाही. न्यूजपेपर: फट्, उताणा, उताणा. पोस्टमन: फट्, उताणा. जोडशब्द तर त्यांचा जीव की प्राण. म्हणायचे, ब्लॅक बर्ड असं सुटं म्हटलंस तर कुठलाही काळा पक्षी, कावळासुद्धा, आणि दोन्हींवर हात पालथा. पण जोडून म्हटलंस की तो एकच पक्षी, आणि जोर एकाच जागी. “दोन शब्द एका घरांत राहायला आले, कीं मोठ्यानें एकानेंच बोलायचें.”

हे त्यांनी घरीही सांगितलं असावं. कारण मी एकदा त्यांच्या घरी निरोप घेऊन गेलो, तर त्यांची बायको, पंकजाबाई, दारातच म्हणाली, “ये रे व्यंकोजी. तुझ्या रावांनीं नवा शोध लावलाय. एका घरांत एकानेंच मोठ्यानें बोलावें म्हणे.”

आतून राव म्हणाले, “कोणीं बोलावें तें मी सांगितलें नाहीं.”

“सांगायला कशाला हवें? दुसरा आहे कुठें बोलणारा?”

बेचाळीस मुलांचा वर्ग. बेचाळीस हात एकदम मांडीवर पडले की लांबून ऐकणाऱ्याला वाटायचं, आत कुणी गोवऱ्या थापतंय. माझे माठ त्याच वर्गाच्या दाराशी होते. पाणी भरता भरता, मुलांना पेला देता देता दहा वर्षं मी ते ऐकलं. अर्थ मला फारसे कळत नव्हते, हात मात्र कळत होते. घंटेला दोन मिनिटं असली की मी दारात उभा राहून माझ्याच मांडीवर चालवायचो. मला फार गंमत वाटायची. इन्नंबूरच्या शेतात राबणाऱ्या माझ्या बापाला सांगितलं असतं, की मी मांडीवर इंग्रजी वाजवतो, तर त्यानं वैद्याला बोलावलं असतं.

आणि मुलं बोलायची, बरं का. वेड्याविद्र्या वेलासारखी वाढलेली पोरं ती, कुणी शिंप्याचं, कुणी विड्याची पानं विकणाऱ्याचं. पण शब्द असा यायचा, की वकील रस्त्यानं जाताना थांबायचे.

आता अडचण कुठं होती ती सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. चंद्रमौलीराव ट्रेनिंग झालेले नव्हते. लढाईच्या दिवसांत मास्तर मिळेनात, तेव्हा त्यांना तात्पुरते म्हणून घेतलेलं. तात्पुरते ते चौदा वर्षं राहिले. सत्तावन्न साली वरून हुकूम आला, की बिनट्रेनिंगचे मास्तर ठेवायचे नाहीत. ट्रेनिंग कॉलेजात जावं तर रावांचं वय सेहेचाळीस, तिथं घेत नाहीत. एकच वाट उरली. तंजावरचे शिक्षणाधिकारी येऊन वर्ग तपासतील, त्यांनी मुलं तयार आहेत असं लिहिलं तर ट्रेनिंगमधून कायमची सूट. नाही लिहिलं, तर जूनपासून राव मास्तर नाहीत. मार्चमधला एक बुधवार ठरला.

हेडमास्तर नटराज अय्यर. माणूस प्रेमळ, पण कागदाला भिणारा. त्यांनी रावांना बोलावलं. मी दारातच होतो, मी नेहमी दारातच असायचो.

“राव, ते हातांचं बंद करा,” ते तमिळमध्ये म्हणाले. “साहेबांना वाटेल आपण भजन बसवतोय.”

“पण सार्, त्यावांचून—”

“मुलांना शब्द येतात ना?”

“येतात.”

“मग तोंडानं येऊ देत. हात छातीशी बांधून. साहेब परीक्षा घेताना मास्तरांनी मागच्या भिंतीपाशी उभं राहायचं, तोंडातून अक्षर काढायचं नाही, खूण करायची नाही. नियम आहे.”

राव “शरि” म्हणाले. आमच्याकडं ‘बरं’ला शरि म्हणतात. पण ते शरि असं होतं, जसं डॉक्टरनं हात कापायचं म्हटल्यावर माणूस म्हणेल.

त्या दिवशी त्यांनी वर्गाला हात बांधायला लावले आणि म्हणाले, “पोस्टमन.” बेचाळीस तोंडं उघडली आणि शब्द आला तो भात मापल्यासारखा. पोस्ट, मन. दोन्ही मापं काठोकाठ. न्यूज, पे, पर. तीन मापं. राव म्हणाले, पुन्हा. पुन्हा तेच. एका पोराचा हात काखेतून निसटून मांडीवर पडला, आणि तेवढ्या एकाचा शब्द बरोबर आला. राव त्याच्याकडं बघत राहिले.

दुपारी डबा उघडून त्यांनी तसाच ठेवला.

“व्यंकोजी, मी त्यांना इंग्रजी शिकवलें असें मला वाटत होतें. मी तर त्यांच्या हातांना शिकवलें.”

“मग तोंडाला शिकवा.”

“आठ दिवसांत? मला स्वतःला वर्ष लागलें.” मग डब्याला झाकण लावत, “आणि माझेंही तोंड शिकलें आहे कीं नाहीं, कोण जाणें.”

पण माणूस स्वस्थ बसणारा नव्हता. शुक्रवारी त्यांनी पायाचे अंगठे काढले. म्हणजे असं, की हात छातीशी बांधलेले, पण बाकाखाली अनवाणी पाय. जोर आला की अंगठा जमिनीवर दाबायचा. सैल तुकड्याला उचलायचा. साहेबांना बाकाखालचं काय दिसणार? शनिवारी मुलांना त्यांनी घरच्या ओट्यावर बसवलं, पाय खाली सोडून, आणि पंकजाबाई आतून बघत होत्या.

“आतां पायांनीं बोलायला लावलें,” त्या मला म्हणाल्या. “पुढच्या वर्षीं कानांनीं.”

पण चेष्टा करता करता त्यांचे डोळे भरून आले होते. मी बघितलं नाही असं केलं. त्यांनी पोरांना मूठ मूठ भाजलेले शेंगदाणे दिले.

आणि अंगठ्यांनी काम केलं! शब्द परत आले. सगळ्यांत चांगली बोलायची ती त्रिपुरसुंदरी, विड्याची पानं विकणाऱ्याची मुलगी. तिचा परकर जमिनीपर्यंत, अंगठा दिसायचाही नाही. राव मंगळवारी घरी जाताना सायकलवर शीळ घालत गेले. चौदा वर्षांत मी त्यांची शीळ ऐकली नव्हती.

बुधवारी सकाळी हेडमास्तरांना उकाडा सुचला. वर्गात पंखा नाही, साहेब घामाघूम होतील, तेव्हा मुलांना दिवाणखान्यात न्या. दिवाणखाना म्हणजे शाळेची जुनी मोठी खोली, तिथं छताला साहेबी काळातला झालरीचा पंखा होता, दोरीनं ओढायचा. बाकं तिथं मावत नव्हती. खाली जाजम अंथरलं. मुलं मांडी घालून बसली.

मांडी घालून. अंगठे मांड्यांखाली गाडलेले. हात छातीशी बांधलेले.

राव मागच्या भिंतीपाशी उभे होते. मुलं बसली तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी हेडमास्तरांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. हेडमास्तरांच्या मागून साहेब आत येत होते. झालं, तोंड बंद.

साहेबांचं नाव कृष्णमूर्ति. बारीक अंगाचे, कपाळावर गंध, आवाज मऊ. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, मला आजवर रागावायला कुणीतरी मिळालं असतं. त्यांनी मुलांना नमस्कार केला, खुर्चीत बसले, पिशवीतून एकेक वस्तू काढायला लागले. पहिली निघाली काड्यापेटी. मी कोपऱ्यात पंख्याची दोरी धरून बसलेलो.

काड्यापेटी उंच धरून त्यांनी पहिल्या रांगेतल्या पोराला विचारलं. पोरगं उठलं, तोंड उघडलं, हात सुटायला धडपडले, त्यानं ते काखेत घट्ट दाबले, आणि तोंड मिटलं. दुसऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “मॅच. बॉक्स.” दोन मापं. साहेबांनी कागदावर काहीतरी टिपलं. तिसऱ्याला विचारलं, तो रडायच्या बेतात.

मागं रावांचे हात पाठीशी होते. मी बसलो होतो तिथून तेवढंच दिसायचं. उजवा हात भिंतीवर पालथा पडत होता, उताणा होत होता. चुन्यावर आवाज होत नाही. मुलांच्या त्यांच्याकडं पाठी. कुणालाही तो दिसत नव्हता, मला सोडून. तुम्ही कधी बुडणाऱ्या माणसाचे हात बघितलेत? मी कावेरीत एकदा बघितले आहेत. तसे.

आणि मग मला सुचलं. मला, चौथी शिकलेल्याला! अजूनही आठवलं की आधी अंगावर आनंदाचा काटा येतो, मग दुसरा.

दोरी एकदा जोरात ओढली की झालर फाट्कन पुढं जाते. सोडली की आपली हळूच मागं येते. एक ओढ, एक सोड. पालथा आणि उताणा! मी दोरी मनगटाला गुंडाळली. साहेबांनी इंकपॉट काढून उंच धरला, तेव्हा मी झालर अशी ओढली, की सगळ्या मुलांनी वर बघितलं. सोडली. पुन्हा ओढली, सोडली. त्रिपुरसुंदरीनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं. ती उठली, डोळे झालरीवर, आणि “इंकपॉट”, असा, असा सुबक, पहिल्यावर जोर आणि दुसरा मऊ, की साहेबांनी चष्मा नाकावर नीट केला.

मग काय विचारता. पेननाइफ. ओढ, सोड. ब्लॅकबोर्ड. ओढ, सोड. न्यूजपेपरला ओढली आणि दोनदा जरा जरा सोडली. सगळा वर्ग मान वर करून, देवळाच्या शिखराकडं बघावं तसा, आणि शब्द येतायत एकसारखे. साहेब खुर्चीत मागं टेकले. हेडमास्तरांनी रुमालानं मान पुसली आणि हसले. रावांनी मात्र वर बघून झालरीवरून नजर दोरीवर, दोरीवरून माझ्यावर आणली. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, शाबास म्हणतायत.

ते नको म्हणत होते.

साहेबांनी वस्तू पिशवीत भरल्या. त्यांना जेवून तंजावरची गाडी धरायची होती. उठता उठता सहज, कौतुकानं, त्यांनी त्रिपुरसुंदरीला विचारलं, की आत्ता मॉर्निंग आहे, मी जेवून निघेन तेव्हा काय असेल?

ती हळूच म्हणाली, “आफ्टरनून.” शेवटच्या तुकड्यावर जोर देऊन.

साहेबांना नीट ऐकू गेलं नसावं. ते म्हणाले, मोठ्यानं सांग.

आणि मला वाटलं, पोरगी चुकली. दहा वर्षं मी दारात उभा राहून जे जे ऐकलं होतं त्यात पहिलाच तुकडा पालथा. शेवटावर जोर असलेला जोडशब्द असू शकतो हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मी तिला सावरायला गेलो. झालर पहिल्याच तुकड्याला अशी ओढली की छतावरची धूळ खाली आली.

तिनं वर बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. ती पोर बरोबर होती, पण तिनं स्वतःवर नाही, पंख्यावर विश्वास ठेवला. मोठ्यानं म्हणाली, जोर पहिल्यावर.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी सगळ्या वर्गाला म्हणायला सांगितलं. मी पुन्हा ओढली. बेचाळीस गळे एकदम चुकले, एका सुरात, एकही मागंपुढं नाही. आणखी एकदा. आणखी एकदा चुकले. त्या मागच्या भिंतीपाशी राव उभे, ओठ घट्ट. एक शब्द बोलले असते तर सगळं सावरलं असतं. तो एक शब्द बोलायची परवानगी नव्हती.

मग साहेबांनी मुलांचे डोळे जिकडं होते तिकडं बघितलं. झालर. झालरीवरून दोरी. दोरीवरून मी.

त्यांनी मला हातानं खूण केली, सोड. मी सोडली. पंखा दोन हेलकावे खाऊन थांबला. त्यांनी पुन्हा काड्यापेटी काढली. बाहेर कुणीतरी पितळेची घागर ठोकत होतं. “मॅच,” कुणीतरी म्हणालं. “बॉक्स.”

साहेब रावांपाशी गेले आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं. राव बोलले. बराच वेळ बोलले. मला त्यातलं एकच कळलं, माझं नाव. ‘व्यंकोजी’ ते दोनदा म्हणाले. साहेबांनी माझ्याकडं एकदा बघितलं, टोपणाचं पेन उघडलं, काही लिहिलं नाही, पुन्हा बंद केलं. आणि जेवायला गेले.

मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, माझी नोकरी गेली. रोज वाट बघायचो हेडमास्तर बोलावतील म्हणून. एप्रिल गेला, मे गेला. बोलावलं नाही. जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी कागद आला, आणि तो रावांचा होता. सूट नाही.

हेडमास्तर रडले, खरंच रडले. त्यांनी रावांना एक काम शोधून दिलं, मुलांचे दाखले लिहिण्याचं, कचेरीतल्या लहान टेबलावर. अक्षर मोत्यासारखं होतं. मास्तर म्हणून नाही. कुणी ‘सार्’ म्हणायचं नाही असा काही नियम नव्हता, तरी पोरं दारापाशी येऊन थबकायची, काय म्हणावं ते न कळून निघून जायची. नवीन मास्तर आला, ट्रेनिंग झालेला, मद्रासकडचा, चांगला पोरगा. त्यानं मुलांना पहिल्याच दिवशी विचारलं, हात का हलतात? महिनाभरात ते हलायचे थांबले.

कचेरी आणि वर्ग यांच्यात एकच भिंत. पलीकडून आवाज यायचा, पोस्ट, मन. न्यूज, पे, पर. राव दाखला लिहीत असायचे. दौतीत टाक बुडवून तो तसाच धरलेला, आणि डावा हात टेबलाच्या कडेखाली. मी बघायचो. काय करणार होतो मी? एकदा मी नव्या मास्तराला सांगायला गेलो, की सार्, त्यांना एक तास तरी द्या. तो म्हणाला, माझ्या हातात काय आहे? खरंच होतं. हेडमास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, माझ्या हातात काय आहे? तेही खरंच होतं. पंकजाबाईंना मी तोंड दाखवत नव्हतो. त्याच एकदा बाजारात भेटल्या, माझ्या पिशवीत दोन वांगी टाकली आणि पुढं गेल्या. त्यांनी टोमणा मारला असता तर मला जेवण गेलं असतं.

आडी या तमिळ महिन्यात, कावेरीला नवं पाणी आलं त्या दिवशी, सगळी शाळा नदीच्या पूजेला घाटावर गेली होती. कचेरीत आम्ही दोघंच. मी त्यांच्यापुढं कॉफी ठेवली आणि धीर करून विचारलं.

“राव, मी तुमचें वाटोळें केलें. मला काढायला हवें होतें, काढलें तुम्हांला. त्या दिवशीं साहेबांनीं तुम्हांला काय विचारलें?”

“विचारलें, हा पंखा तुम्हीं सांगितला होता का.”

“मग माझें नांव दोनदां आलें. तुम्ही काय सांगितलेंत?”

त्यांनी पेला खाली ठेवला, ओठ पुसले, आणि जसं साहेबांना सांगितलं होतं तसंच, फक्त मराठीत, मला सांगितलं:

“मी म्हणालों, ‘सर, पंखा असा ओढ म्हणून मी व्यंकोजीला सांगितलें नव्हतें, त्यानें आपल्या मनानें ओढला. पण त्याला कामावरून काढूं नका. व्यंकोजी माझ्या वर्गांतला आहे, दहा वर्षें दाराबाहेर उभा राहून शिकला, हजेरींत तेवढें त्याचें नांव नाहीं. आणि चुकला तोही माझ्यामुळेंच. शेवटावर जोर येणारे शब्द मी शुक्रवारीं घेतों, आणि शुक्रवारीं तो पोस्टांत जातो.’”